परवानगी न मागणारे यंत्र

व्हिडिओ गेमची यंत्रे आणि संगणकाच्या कार्यप्रणाली या दोन विषयांवर माझी मते कमालीची ठाम आहेत. मी पुण्यात राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे या ठामपणाला व्यवसायाचा आधार असावा असे कोणालाही वाटेल. पण ही मते पुण्यात तयार झालेली नाहीत. ती किन्हीराजाला तयार झाली, आणि त्यांतले माझे सर्वांत लाडके मत २०२५च्या दिवाळीत किन्हीराजालाच, धाकट्या भावाच्या दुकानात, अडचणीत आले. ती हकिगत शेवटी सांगतो. आधी मते.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले गाव. (मालेगाव म्हटले की पुण्यातल्या माणसाला नाशिककडचे मालेगाव आठवते. आमचे वेगळे. हे वाक्य मी आयुष्यात किमान हजार वेळा उच्चारले असेल.) वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आमच्या घरी पहिले यंत्र आले ते त्याच्या दोन वर्षे आधी, उन्हाळ्याच्या सुटीत. म्हणजे तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्याचेच होतो, आणि यंत्रही अकोल्याहूनच आले. मामांनी आणले. खोक्यावर जपानी वाटावे असे काहीतरी नाव होते. आत नेमके काय आहे, कोणी बनवले आहे, याचा पत्ता नव्हता. दोन रिमोटसारखे डबे, एक पिस्तूल, एक पिवळी कॅसेट आणि टीव्हीच्या मागे खुपसायची वायर. आमचा टीव्ही कृष्णधवल होता. मारिओची टोपी लाल असते हे मला पुढे तीन वर्षांनी कळले.

आज ठाऊक आहे की निंटेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरची, लोक ज्याला फॅमिकॉम म्हणतात त्याची, ती नक्कल होती. तशा नकला नव्वदच्या दशकात भारतभर विकल्या गेल्या. मूळ यंत्राचा ऐवज आज वाचताना हसू येते: ६५०२ घराण्यातला प्रोसेसर, सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोके, दोन किलोबाइट स्मृती, चित्रासाठी वेगळी दोन किलोबाइट, पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके. एवढ्यात मारिओ धावत असे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५चा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसतो. यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने तुम्ही वाचत असलेला हा लेख साठवायला जवळजवळ तेवढीच जागा लागेल. माझ्या लेखात राजकन्या नाही, संगीत नाही, आणि पाण्याखालचा एकही टप्पा नाही. जागेचा सदुपयोग कोणी जास्त केला हे उघड आहे.

पण मला त्या यंत्राचे मोठेपण आकड्यांत वाटत नाही. त्यात कार्यप्रणालीच नव्हती, हे त्याचे मोठेपण. संगणक सुरू केला की आधी कार्यप्रणाली जागी होते, हातपाय ताणते, कोण आले ते विचारते आणि मग आपल्याला हवा तो प्रोग्राम चालवू देते. फॅमिकॉममध्ये असा कोणी मधला माणूस नव्हता. कॅसेटचे साठ टोच खाचेत बसले की कॅसेटमधली चिप थेट प्रोसेसरशी बोलू लागे. खेळ चालू असेपर्यंत यंत्राचा मालक खेळच. बटण दाबल्यापासून चित्र येईपर्यंत एक सेकंदही जात नसे. आणि हे किन्हीराजासारख्या गावात किती मोलाचे होते ते पुण्यात बसून समजणार नाही. आमच्याकडे विजेला 'लाइन' म्हणतात. लाइन जायची, यायची, पुन्हा जायची. आठवा टप्पा गाठलेला मारिओ जागच्या जागी अंतर्धान पावायचा, कारण खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. पण लाइन आल्यावर यंत्र कुरकुरत नसे. मागच्या वेळी नीट बंद केले नव्हते म्हणून तपासणी करतो, असे म्हणत नसे. आम्ही पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायचो, बास.

त्या यंत्राची सारी विद्या आमच्या हाताला होती, आणि त्यातली अर्धी खोटी होती. कॅसेट चालली नाही की काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, ही विद्या जपानपासून किन्हीराजापर्यंत सर्व मुलांना कोणी शिकवली हे एक कोडेच आहे. प्रत्यक्षात फुंकरीने काही होत नाही. काढून पुन्हा बसवल्याने टोच जुळतात. उलट श्वासातल्या ओलाव्याने ते गंजतात, आणि खुद्द निंटेंडोनेही फुंकर मारू नका असेच सांगितले आहे. कॅसेटवर 'नव्याण्णव लाखांहून अधिक खेळ' असा दावा असे. खरे खेळ मोजकेच, बाकी तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू होणारे. धाकट्याने एका सुटीत ती यादी वहीत उतरवायला घेतली होती. तीनशेच्या पुढे तो गेला नाही, पण तो चिकाटीचा आहे हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

बदके मारायच्या खेळातल्या पिस्तुलाचे रहस्यही फार पुढे उलगडले. आम्हाला वाटे पिस्तुलातून काहीतरी निघते. निघत काहीच नाही. पिस्तूल फक्त पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीतल्या प्रकाशग्राहकाला ठरल्या क्षणी तो पांढरा दिसला तर बदक मेले. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र तत्काळ उमटे म्हणून हे जमे. आजच्या चपट्या टीव्हीत चित्र आधी कुठेतरी शिजते आणि मग वाढले जाते. तेवढ्या उशिराने पिस्तूल आंधळे होते. आणखी एक गंमत अशी की मूळ खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या हिशेबाने रचलेले होते आणि आपला टीव्ही पन्नासांचा. त्यामुळे आमचा मारिओ मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांश सावकाश धावे, त्याचे संगीतही निवांत वाजे. तो वऱ्हाडी मारिओ होता. मी आज मूळ वेगाचा खेळ पाहतो तेव्हा त्याला कसली घाई आहे असे वाटते.

२००३ साली मी शिकायला बाहेर पडलो आणि वसतिगृहात विंडोज एक्सपी भेटली. एक्सपीबद्दल माझे मत असे आहे की इतकी मनमिळाऊ कार्यप्रणाली पुन्हा झाली नाही. ती २००१च्या ऑक्टोबरात आली, तिला निदान ६४ मेगाबाइट स्मृती लागे, आणि गल्लीतल्या दुकानात जुळवलेल्या कोणत्याही डब्यावर ती नांदे. काउंटर-स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स, रोड रॅश यांच्या रात्री आम्ही तिच्या जिवावर काढल्या. ही मनमिळाऊ बाई आमच्यापैकी एकाच्याही घरी रीतसर आलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नोंदणीची सक्ती असलेली ती पहिली घरगुती विंडोज. तरी एका मोठ्या परवान्याच्या एकाच किल्लीवर अख्खे वसतिगृह उघडे. दुकानदार डब्याबरोबर ती घालूनच देई, जसा वाणी किराण्यावर गुळाचा खडा घालतो. आम्ही तिला 'आपली' म्हणायचो. ती आपली नव्हती. या वाक्याचे महत्त्व मला उशिरा कळले, आणि कळले ते नीतीमुळे नव्हे, मराठीमुळे.

त्या काळात आंतरजालावर मराठी वाचायला बसणाऱ्याला डबे दिसत. युनिकोडातली देवनागरी नीट दाखवायची कुवत एक्सपीत होती, पण इंग्रजी आवृत्तीत ती झोपलेली असे. 'रीजनल' नावाच्या खिडकीत जाऊन जटिल लिप्यांच्या खुणेवर टिचकी मारायची, मग प्रणाली मूळ सीडी मागे. मूळ सीडी! दुकानदाराची किल्ली होती, सीडी कुठे होती? वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला लटकत आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत. माझ्या टेबलावरच्या यंत्राला माझी भाषा येत होती, पण तिची परवानगी मी विकत घेतलेली नव्हती. तक्रार करायला तोंडही नव्हते.

पुढे २००६ साली किन्हीराजाच्या पत्त्यावर परदेशी तिकिटाचे एक पाकीट आले. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती २००४पासून निघत होती, आणि नुसते पत्र टाकावे तसे नाव-पत्ता भरला की ती मंडळी सीडी घरपोच, फुकट पाठवत. २०११पर्यंत ही सोय चालू होती. मी सुटीत घरी असणार म्हणून गावचा पत्ता दिला होता. बाबांनी पाकीट उलटसुलट करून विचारले, "पैसे कायचे भरा लागतीन याचे?" काहीच नाही, म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. आमच्या घरात रीतसर आलेली पहिली कार्यप्रणाली ती. सीडी घालून यंत्र सुरू केले की काहीही न बसवता ती चालून दाखवी. हे मला ओळखीचे वाटले. कॅसेटच की ही. देवनागरीही नीट उमटली, कारण रेड हॅटने खुले केलेल्या लोहित टंकासारखे टंक त्या जगात कोणालाही घेता येत होते. धाकट्याने अर्धा तास पाहिले आणि निकाल दिला, "याच्यात रोड रॅश नाही." तो निकाल तेव्हा निर्णायक होता, हे मी मान्य करतो.

तिथून माझे ते लाडके मत तयार झाले: यंत्र आपले आहे की नाही हे त्याच्या किमतीवर ठरत नाही, ते कोणाला विचारून चालते यावर ठरते. पुरावे गोळा करायला जग मदतच करत होते. सोनीचे प्लेस्टेशन ३ आले तेव्हा त्यावर लिनक्स बसवायची मुभा होती. तशी १,७६० यंत्रे एकत्र जोडून अमेरिकेच्या वायुदलाने एक महासंगणक उभा केला होता. १ एप्रिल २०१०च्या सुधारणेत ती मुभा काढली गेली. विकत घेतलेल्या डब्यातली एक खोली मूळ मालकाने येऊन बंद करावी, तसे. आमच्या गावात प्लेस्टेशन कोणाकडे नव्हते, म्हणून कोणाचे बिघडले नाही. पण २०१६नंतर जिओ आले, स्वस्त विदा आली, आणि किन्हीराजातल्या पोरांचे खेळयंत्र म्हणजे फोन झाला. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य या वादात मी पडत नाही. पुतण्या तेव्हा आठवीत होता; एक खेळ हातातल्या हातात नाहीसा होऊ शकतो हे त्याला समजावून सांगताना मला माळ्यावरची पिवळी कॅसेट आठवत होती. ती मोडता येते, हरवता येते, उंदीर कुरतडू शकतात. दूरवरून बंद मात्र करता येत नाही.

'लिनक्सवर खेळ नाहीत' हा धाकट्याचा जुना निकालही आता उलटला आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८मध्ये प्रोटॉन आणले, त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२मध्ये त्याच कंपनीने स्टीम डेक नावाचा हातात मावणारा खेळसंगणक काढला, तोही लिनक्सवरच चालणारा. काही खेळ अजून हटून बसतात, विशेषतः लबाडी पकडण्यासाठी यंत्राच्या मुळापर्यंत शिरणारे. ते वगळता आज मला कोणी विचारले की खेळासाठी काय घेऊ, तर मी निःशंक सांगतो: जुना का असेना, उघडता येणारा संगणक घ्या, त्यावर लिनक्स घाला. कन्सोल घेऊ नका.

या अशा तयारीनिशी मी २०२५च्या दिवाळीला गावी निघालो. खिशात पेनड्राइव्ह होता. निमित्त असे की विंडोज १० या कार्यप्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि आमचे लक्ष्मीपूजन २१ला. धाकट्याचे गावात दुकान आहे: सातबाऱ्याच्या प्रती, पीकविम्याचे अर्ज, दाखले, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. तीन संगणक, तिन्ही माझ्याच सल्ल्याने वापरलेले घेतलेले, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे. विंडोज ११ची अट, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढची. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षाचिप हवी. म्हणजे तीन धडधाकट संगणक एका तारखेला म्हातारे ठरले. माझ्या मताला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. भाऊ फोनवर म्हणाला होता, "दादा, वाशीमले एक पोरगा हाय, थो पाचशे रुपयांत आठवं-नववं काही न पाहता अकरा टाकून देते म्हने." मी त्याला नियमांच्या पळवाटांवर पाच मिनिटे व्याख्यान दिले. वसतिगृहातली किल्ली तेव्हा मला आठवली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

वसुबारसेच्या दिवशी दुकानात पोचलो तर रांग रस्त्यापर्यंत. त्या वर्षी पावसाने सोयाबीनचे वाटोळे केले होते. अतिवृष्टीच्या मदतीसाठी ई-केवायसी, त्यातच लाडक्या बहिणींची ई-केवायसी. मी कोपऱ्यातल्या संगणकावर लिनक्स बसवले. वीस मिनिटांत देवनागरीसकट सर्व तयार. छपाईयंत्रही लगेच ओळखले गेले. इन्स्क्रिप्ट कळफलक तोच, बोटे तीच. भावाने एक अर्ज टंकून पाहिला आणि मान हलवली. मी दुसऱ्या संगणकाकडे वळलो, तेव्हा त्याने माझा हात धरला.

त्या संगणकाला अंगठा घेणारे यंत्र जोडलेले होते. काळी, आगपेटीएवढी डबी. तिच्यासोबत आलेले सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीचे. मी तासभर शोधले. माझ्यासारख्याला यात हार मानणे जड जाते. मी लिनक्सवर विंडोजचा भास निर्माण करून पाहिला, आभासी यंत्रात विंडोज चालवून पाहिली. डबीचा दिवा लागे, पण अंगठा पलीकडे पोचत नसे. रांग तशीच उभी. शेवटी भाऊ हळूच म्हणाला, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "दादा, तू म्हनतं थे खरं हाय. पन माह्या गिऱ्हाइकाचा अंगठा तुह्या लिनक्सले ओयखू येते काय?"

मी उठलो आणि खुर्ची त्याला दिली.

त्यानंतर मी दिवसभर दुकानात बसून राहिलो, आणि पहिल्यांदाच त्याचे काम नीट पाहिले. सत्तरीच्या घरातले एक शेतकरी आले होते. आयुष्यभर विळा धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. डबी एकदा, दोनदा, तीनदा नकार देत होती. भावाने त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, स्वतःच्या दोन बोटांत धरून काचेवर थोडा तिरका टेकवला, आणि डबी काढून पुन्हा खुपसली. मला हसू आले, कारण हीच ती कॅसेटची विद्या. पण ते हसू फार टिकले नाही. आपले कोण हे यंत्राने ओळखावे म्हणून तो म्हातारा माणूस श्वास रोखून उभा होता. यंत्र परवानगी कोणाकडे मागते यावर मी वीस वर्षे मते बनवीत आलो. इथे परवानगी मागणारा काउंटरच्या अलीकडे होता. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली. "झालं, बाबा," भाऊ म्हणाला, "आता पावती घ्या." पावती माझ्या लिनक्सवाल्या संगणकावरून निघाली, एवढे समाधान मला त्याने मुद्दाम दिले.

मत मी बदललेले नाही. ती डबी बनवणाऱ्याने लिनक्ससाठी चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर माझा निकाल कायम राहिला असता, असे मी अजूनही म्हणतो. आणि भाऊ अजूनही म्हणतो की लिहिल्या नाहीत ना. रात्री दुकान बंद करताना आम्ही विंडोजच्या दोन्ही संगणकांची वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली. खाते उघडून हजेरी लावली की सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळतात. तारीख वाचून दाखव, म्हणाला. दिनदर्शिका २०२५ची होती आणि पुढच्या वर्षाची अजून आणलेली नव्हती. म्हणून त्याने काउंटरमागच्या चुन्याच्या भिंतीवर, उधारीच्या आकड्यांच्या खाली, पेन्सिलीने लिहून ठेवले: '१३ ऑक्टोबर २०२६ — दादाले फोन.'